तिसरीतल्या पोरीचं दप्तर पोसऱ्यातल्या काट्यावर

सुरंगी (पर्वरी) – शनिवार, रात्री ९.५०

काल सकाळी लेकीला बालरथावर (शाळेच्या बसवर) सोडायला निघाले. वाटेत खोडरबर घ्यायला पोसऱ्यात, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात, थांबलो. दुकानदार काका कोणाचे तरी कांदे तोलत होते. त्यांनी लेकीच्या पाठीवरचं दप्तर गंमत म्हणून काढलं आणि काट्यावर ठेवलं. आकडा आला ५.४५०. काका म्हणाले, "बाय गो, फातर भरल्यात काय हातूंत?" (दगड भरलेत का यात?) ती हसली, मी नाही हसले.

लेक तिसरीत आहे, आठ वर्षांची. वजन २२ किलो. म्हणजे स्वतःच्या वजनाचा जवळजवळ चौथा हिस्सा पाठीवर. माझ्या वजनाला तोच हिशेब लावला तर मला रोज पंधरा किलोची तांदळाची गोण घेऊन ऑफिसला जावं लागेल, आणि ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, लिफ्टशिवाय. तिचा वर्गही दुसऱ्या मजल्यावर आहे. जूनमध्ये एकदा डबा विसरली म्हणून द्यायला गेले होते, तेव्हा ती जिना चढताना दिसली. एक हात कठड्याला, मान पुढे काढलेली, पायरीगणिक थांबत. तेव्हा वाटलं, रेंगाळतेय.

गेले काही दिवस मान दुखते म्हणते. शेजारच्या आजींनी तर सांगूनच टाकलं, "पाठीला बाक येतोय हिच्या."

विचारायचं एवढंच: हा बाक खरंच दप्तराने येतो का? आला तर कायमचा राहतो का? आणि तुमच्यापैकी कोणी यावर घरी किंवा शाळेत काही करून पाहिलंय का? "शाळेला पत्र लिहा" याच्या पलीकडचं काही असेल तर बरं.

---

पोदेर (मडगाव)

+१. आमच्या पाचवीतल्या चिरंजिवांचं दप्तर मी स्कूटरवर पायांजवळ ठेवतो. परवा ठेवलं तर स्कूटर स्टँडवरून कलंडली. विनोद नाही करत.

---

रानमाणूस (वाळपई)

राग मानू नका ताई, पण हल्ली सगळ्याचंच कौतुक जास्त झालंय. आम्ही सत्तरी तालुक्यात चार-चार किलोमीटर चालत शाळेत जायचो. पावसात ओहोळ ओलांडून, डोक्यावर खोळ घेऊन. आमची कोणाची पाठ मोडली नाही. मुलांना थोडं ओझं उचलू द्या, हाडं घट्ट होतात.

---

खाजन (ताळगाव)

काका, चार किलोमीटर मान्य. पण पिशवीत काय असायचं ते सांगा बघू.

---

रानमाणूस (वाळपई)

पाटी. पेन्सिलीचा तुकडा. एक वाचनाचं पुस्तक, नंतर दोन. कापडी पिशवी, आईने जुन्या लुगड्याची शिवलेली. डबा नव्हता, दुपारी घरीच.

बरं बरं. किलोभर नसेल. तुमचा मुद्दा पोचला.

---

फिजिओवाली (फोंडा)

मी फिजिओथेरपिस्ट आहे, लहान मुलंही येतात माझ्याकडे. जरा लांब लिहिते, कारण या विषयावर एका टोकाला "काही होत नाही" आणि दुसऱ्या टोकाला "मणका वाकडा होईल" असं दोन्ही ऐकते, आणि दोन्ही तसंच्या तसं खरं नाही.

आधी पाठीवर वजन आलं की काय होतं ते बघू. दप्तर मागे ओढतं. मागे पडू नये म्हणून मूल कमरेतून पुढे झुकतं. झुकल्यावर नजर जमिनीकडे जाते, मग समोर बघायला हनुवटी वर करून मान पुढे काढावी लागते. सुरंगीताई, तुम्ही जिन्यावर जे पाहिलंत ते नेमकं हेच. डोक्याचं वजन धडाच्या सरळ वर न राहता पुढे लोंबतं आणि ते धरून ठेवायचं काम मानेपासून खांद्यापर्यंतच्या स्नायूंवर पडतं. मान दुखते ती म्हणून. एकाच खांद्याला अडकवलं तर तो खांदा वर, कंबर दुसऱ्या बाजूला. पट्टे ढिले सोडून दप्तर पार्श्वभागावर लोंबकळत ठेवलं तर तेवढंच वजन आणखी जोराने मागे खेचतं. बारीक पट्टे खांद्यात रुतून हाताला मुंग्या येणं हेही पाहिलंय.

मणक्यांमधल्या चकत्यांवरही दाब येतो. कॅलिफोर्नियात सॅन डिएगोला २०१० मध्ये आठ मुलांना, सरासरी वय अकरा, पाठीवर ४, ८ आणि १२ किलो देऊन उभ्याने एमआरआय काढले होते. वजन वाढलं तशा चकत्या दबल्या, आणि कमरेचा मणका एका बाजूला कलण्याचं प्रमाणही वाढलं. पण हे आठच मुलांचं, आणि ओझं पाठीवर असतानाचं चित्र आहे. वर्षानुवर्षांनी काय होतं ते त्यातून कळत नाही.

आता दुसरी बाजू. २०१८ मध्ये ६९ अभ्यास, ७२ हजारांहून अधिक मुलं, असा मोठा आढावा प्रसिद्ध झाला. दप्तराच्या वजनामुळे मुलांची पाठदुखी वाढते याचा खात्रीलायक पुरावा त्यात सापडला नाही. काही अभ्यासांत मात्र मुलाला स्वतःला दप्तर "जड वाटतं" का, याचा दुखण्याशी संबंध दिसला. म्हणून काट्याइतकंच मुलालाही विचारा.

आणि ज्याची सगळ्यांना भीती असते तो स्कोलिओसिस, म्हणजे मणका बाजूला वळणं, दप्तराने होतो असं सिद्ध झालेलं नाही. बहुतेक मुलांत त्याचं कारणच कळत नाही. तो साधारण दहाव्या वर्षानंतर, उंची भराभर वाढताना दिसतो आणि वाढत जाणारा बाक मुलींत जास्त. घरी बघायचं तर मुलाला उघड्या पाठीने, पाय जुळवून, हात खाली सोडून पुढे वाकायला सांगा आणि मागून बघा. पाठीची एक बाजू उंचवटा आल्यासारखी वर दिसली, किंवा सरळ उभं असताना एक खांदा, एक फरा (खांद्यामागचं पसरट हाड) वर दिसला, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. दप्तर हलकं करत बसून वेळ घालवू नका.

आजींनी पाहिलेला बाक बहुधा सवयीचा असेल. "सरळ उभी राहा" म्हटल्यावर तो जातो का बघा. जात असेल तर हाडाचा नाही, स्नायूंचा आणि सवयीचा आहे, सुधारतो. दप्तर काढल्यावरही, रविवारीही, रात्री झोपेतही दुखत असेल, ताप असेल, पाय बधिर होत असतील, लघवीवरचा ताबा जात असेल, तर मात्र थांबू नका.

---

खाजन (ताळगाव)

वाचनखूण साठवली. म्हणजे पुरावा नाही तर दप्तर मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांहून जड नको हा नियम कशाला, असं कोणीतरी विचारणारच, म्हणून मीच विचारतो.

---

फिजिओवाली (फोंडा)

कारण वजन वाढलं की चाल आणि उभं राहणं बदलतं, हे तर दिसतंच. आजार होईपर्यंत वाट कशाला बघायची? अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ १० ते २० टक्के म्हणतात, आपल्याकडे १०. आकडा दगडावरची रेघ नाही. बारीक अंगाच्या मुलाला, जिना असेल तर, १० सुद्धा पुष्कळ. किती वेळ पाठीवर असतं तेही धरा. फाटकापासून वर्गापर्यंत पाच मिनिटं आणि रस्त्यापासून वाड्यापर्यंत घाटी चढून अर्धा तास, यात फरक आहे.

आणि एक, कडू लागेल. माझ्याकडे मान दुखते म्हणून येणारी निम्मी मुलं दप्तरापेक्षा कितीतरी जास्त वेळ पोक काढून मोबाइल बघतात. संध्याकाळी झाडावर चढणारं, पोहणारं मूल क्वचितच येतं.

---

नियमावली (पणजी)

२०२० च्या केंद्राच्या दप्तर धोरणातले आकडे देतो, बऱ्याच पालकांना ठाऊक नसतात. पूर्वप्राथमिकला दप्तरच नाही. पहिली-दुसरी १.६ ते २.२ किलो, तिसरी ते पाचवी १.७ ते २.५, सहावी-सातवी २ ते ३, आठवी ४ पर्यंत, नववी-दहावी ४.५ पर्यंत, अकरावी-बारावी ३.५ ते ५. शाळेत वजनकाटा ठेवावा असंही त्यात आहे. दुसरीपर्यंत गृहपाठ नको, तिसरी ते पाचवी आठवड्याला फार तर दोन तास. चाकाचं दप्तरही नको म्हटलंय, जिन्यावर मुलं पडतात म्हणून.

अडचण अशी की हे धोरण आहे, मोडलं तर शिक्षा असलेला कायदा नाही. दप्तराच्या वजनाचं विधेयक २००६ मध्ये राज्यसभेत आलं होतं, त्याचा कायदा झाला नाही.

अवांतर: याच राज्यसभेत १९८९ मध्ये लेखक आर. के. नारायण दप्तराच्या ओझ्यावर बोलले होते. मग यशपाल समिती नेमली गेली, तिचा अहवाल १९९३ चा. त्या वर्षी ज्यांच्या पाठीवर दप्तर होतं ती मुलं आज या धाग्यावर पालक म्हणून लिहिताहेत.

---

पोदेर (मडगाव)

चाकाचं दप्तर घेणारच होतो, वाचलो. तसंही आमच्या शाळेसमोरच्या चिखलात चाकं फिरली नसतीच.

---

तेरेखोल (बांदा)

आमचं गाव गोव्याच्या हद्दीवरच्या पत्रादेवीच्या पलीकडे, म्हणून महाराष्ट्राची गोष्ट सांगतो. २०२३ मध्ये पुस्तकं चार भागांत आली. सगळ्या विषयांचे धडे एकाच पुस्तकात आणि धड्यामागे नोंदींसाठी कोरी पानं, म्हणजे वह्याच नकोत. कल्पना मला तरी छान वाटली. पण मुलाच्या शाळेत वेगळ्या वह्याही मागितल्या, कोरी पानं कोरीच राहिली आणि पुस्तकच जाड झालं. २०२५ मध्ये तो निर्णय मागे घेतला. कागदावर हलकं केलेलं वर्गात पुन्हा जड होतं.

---

बाई (सत्तरी)

मी मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. आमच्याकडे मुलं थोडी, पहिली ते चौथी एकाच खोलीत. दप्तरं हलकी असतात. पण मी त्याआधी शहरातल्या मोठ्या शाळेतही काही वर्षं काढलीत, म्हणून दोन्हीकडचं सांगते.

वह्या वाढतात त्या शिक्षकांच्या हौसेने नाही. वर्गपाठाची एक, गृहपाठाची एक, वर व्याकरणाची, वर चाचणीची. का? तर कोणी तपासायला आलं की "वही दाखवा". आणि पालक? एक दिवस मुलाने वही आणली नाही, किंवा मी मुद्दाम वर्गात ठेवून घेतली, की संध्याकाळी ग्रुपवर प्रश्न सुरू, "टीचर, आज इंग्लिशचं काही केलंच नाही का?" पालकांना रोज वही बघायची असते. ती बघायला ती रोज घरी यायला हवी आणि रोज परतही जायला हवी.

मी तेव्हा वर्गाच्या कपाटात वह्या ठेवायला सुरुवात केली होती. जून बरा गेला. जुलैच्या मध्यावर कपाट उघडलं तर वह्यांवर हिरवी-पांढरी बुरशी, आणि खालच्या कप्प्यात वाळवी. तीस वह्या. आपल्याकडचा पाऊस धोरण लिहिणाऱ्यांनी पाहिलेला नसतो! पालकांनी मला काय काय ऐकवलं ते सोडा. पुढच्या वर्षी शिपाईमामांनी कपाटात छोटा बल्ब लावून दिला, आमच्याकडे घरी आजी कपड्यांच्या कपाटात लावायची तसा. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढलं, पायांखाली विटा. वह्या तगल्या. मग ते कपाट दुसऱ्या वर्गाला दिलं गेलं आणि माझी बदली झाली.

सुरंगीताई, शाळेत जाण्याआधी एक करा. दप्तर जमिनीवर उलटं करा आणि एकेक वस्तू तोलून बघा. शाळेत भांडायला जाणाऱ्या पालकांना मी हे नेहमी सांगायचे. काही जण परत आलेच नाहीत.

---

सुरंगी (पर्वरी) – रविवार, दुपारी

बाईंचं ऐकलं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर सगळं ठेवलं. लिहायला थोडी लाज वाटतेय.

पाठ्यपुस्तकं चार, मिळून ८८० ग्रॅम. वह्या सात, १०५०. डायरी १९०. हा झाला शाळेचा भाग, २ किलो १२० ग्रॅम.

आता आमचा भाग. रिकामं दप्तर ७८०, कारण आम्हाला जाड फोमचं, चार कप्प्यांचं, कार्टूनवालं हवं होतं. स्टीलची एक लिटरची बाटली, भरून १३२०. डबा ४३०. चुंबकाच्या झाकणाचा पेन्सिलबॉक्स २६०. रेनकोट ३८०. आणि तळाशी १६० ग्रॅम "माझ्या वस्तू", म्हणजे मिरामारचे शिंपले, एक गुळगुळीत दगड, गणेश चवथीला वाजवायचे म्हणून जपून ठेवलेले छोटे टाळ. एकूण ३ किलो ३३०.

मी शाळेला काय काय लिहायचं ते मनात ठरवून ठेवलं होतं. त्यातलं अर्धं आता मलाच लिहायला हवं.

अर्थात शाळाही सुटत नाही. तिच्या १० टक्क्यांची मर्यादा २.२ किलो, त्यातले २.१ नुसत्या कागदात गेले. पाणी आणि डबा काय हातात धरायचा?

---

फिजिओवाली (फोंडा)

लाज कसली, अशी यादी करणारी तुम्ही पहिलीच भेटलात. बाटली बघा, सगळ्यात जड वस्तू तीच. घरी परत येते तेव्हा किती भरलेली असते?

---

सुरंगी (पर्वरी)

पाऊण. मी समजायचे, शाळेत थंड पाणी मिळतं म्हणून पीत नसेल. आत्ता विचारलं. म्हणते, "पाणी प्यालं की बाथरूमला जावं लागतं आणि तिथे कडी लागत नाही."

म्हणजे पाऊण किलो पाणी रोज सकाळी वर जातं आणि दुपारी तसंच खाली येतं.

---

बाई (सत्तरी)

हे शाळेत जाऊन सांगा. दप्तराबद्दल बोलायच्या आधी हे सांगा.

---

रानमाणूस (वाळपई)

ताई, कडी लावायला सुतार मिळत नसेल तर मला कळवा. खरंच सांगतो.

---

पाच_वाजता (म्हापसा)

सगळे शाळेच्या दप्तरावर बोलताय, ट्यूशनची पिशवी कोणी धरलीच नाही. आमची मुलगी सहावीत आहे. शाळा सुटली की घरी जेवून तीनला ट्यूशन, तिथे वेगळी गाइडं, वेगळ्या वह्या. वेळ नसला की दोन्ही एकाच दप्तरात भरून नेते. आणि ट्यूशनला मीच पाठवतो, तेव्हा बोलणार कोणाला.

---

खाजन (ताळगाव)

फिजिओताई, नवं दप्तर घ्यायचं तर काय बघू? दुकानदार "ऑर्थोपेडिक" म्हणून दुप्पट भावाने देतो.

---

फिजिओवाली (फोंडा)

त्या शब्दाचे पैसे देऊ नका. रिकामं दप्तर हातात घ्या, अर्धा किलोच्या आसपास असेल तर पुढे बघा. मुलाच्या पाठीपेक्षा रुंद नको. पट्टे रुंद, गादीचे, दोन्ही घट्ट करता येणारे. पाठीवर चढवल्यावर तळ कमरेच्या फार खाली जाता कामा नये, चार बोटं फार तर. मूल मोठं होईल म्हणून मोठं दप्तर घ्यायची आपली सवय, ती युनिफॉर्मला ठीक आहे, इथे नको. मोठं दप्तर भरल्याशिवाय राहत नाही. आत जड पुस्तकं पाठीला चिकटून, डबा बाहेरच्या बाजूला. आणि उचलताना आधी खुर्चीवर ठेवून मग पाठीवर घ्यायला शिकवा. जमिनीवरून एका हाताने हिसका देऊन उचलतात ना, तो हिसका मला जास्त खुपतो.

---

सुरंगी (पर्वरी) – साधारण तीन आठवड्यांनी

उशीर झाला, पण पुढे काय झालं ते लिहायचंच होतं.

शाळेत गेले. आधी कडीचं सांगितलं. चार दिवसांत लागली, सुतार शाळेनेच आणला, रानमाणूसकाकांना त्रास नाही. बाटली आता अर्ध्या लिटरची, शाळेतल्या फिल्टरवर पुन्हा भरते. पूर्ण रिकामी घरी येते.

वर्गशिक्षिका आधी जरा घुश्शात होत्या, साहजिकच. यादी दाखवली, त्यात माझाही भाग वर लिहिला होता, मग बोलणं सोपं गेलं. सगळ्या वर्गाचं वेळापत्रक त्यांनी असं बसवलं की एका दिवशी दोनच पुस्तकं न्यायची. शेजारी बसणाऱ्या दोघींनी एकेक आणायचं, ही त्यांचीच कल्पना. वह्या सातावरून चार. कपाटाचं मीच विचारलं, तर म्हणाल्या, "पावसात नको." मी सत्तरीच्या बाईंचा बल्ब सांगितला. चवथीच्या सुट्टीनंतर बघू म्हणाल्यात.

पेन्सिलबॉक्स जाऊन कापडी पाउच आला, दप्तरही नवं, हलकं घेतलं. शिंपल्यांवरून रडारड झाली, ते आता खिडकीत मांडलेत.

आजचं वजन २ किलो ९००. रेनकोट आत असला की ३.२८०. १० टक्क्यांच्या वरच आहे अजून. मान दुखते म्हणायची थांबली, पण ते दप्तराने की रोज संध्याकाळी शेजारच्या मुलांबरोबर बाहेर हाकलते त्याने, सांगता येत नाही. पुढे वाकवून पाठ पाहिली, दोन्ही बाजू सारख्या आहेत. आजींना मात्र बाक दिसतोच.

---

पोदेर (मडगाव)

अभिनंदन. आमच्याकडे तोलल्यावर चिरंजिवांच्या दप्तरात मागच्या वर्षीची, म्हणजे चौथीची, दोन पुस्तकं निघाली. जूनपासून वाहतोय.

---

पाच_वाजता (म्हापसा)

नवं दप्तर कुठे मिळालं ताई? मला अर्ध्या किलोचं सापडतच नाहीये.

---

सुरंगी (पर्वरी)

तुमच्याच गावात. शुक्रवारच्या बाजारात, छत्र्या विकायला बसतात त्या ओळीच्या टोकाला. साधं कॅनव्हासचं, ४५० ग्रॅम. निळं आणि खाकी, दोनच रंग. तोलून बघते म्हटल्यावर बाई हसली आणि शेजारच्या मिरच्यावाल्याचा काटा दिला.